गोठवलेल्या एंडोथेलियल पेशी आणि सोबतचे मीडियम: वापरानंतरचा अभिप्राय

छत्रपती संभाजीनगरमधील आमच्या प्रयोगशाळेत रक्तवाहिन्यांच्या दाहाचा अभ्यास चालतो आणि त्यासाठी नाळेतील शिरेपासून मिळवलेल्या मानवी एंडोथेलियल पेशी, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी, आम्ही एका पुरवठादार कंपनीकडून मागवतो. १९७३ साली जॅफे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशी वेगळ्या करून वाढवण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हापासून या विषयातील बहुतेक प्रयोगशाळांची सुरुवात याच पेशींपासून होते.

पेशींचा दर्जा उत्तम आहे. व्हायल (गोठवलेल्या पेशींची कुपी) ३७ अंशांच्या पाण्यात वितळवून जिलेटिन लावलेल्या फ्लास्कमध्ये सोडली की पेशी तळाला नीट चिकटतात आणि जागा भरत आली की फरसबंदीसारख्या एकमेकींना भिडून बसतात. रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या व्हॉन विलेब्रांड घटकासाठी रंगवल्यावर तो साठवणाऱ्या त्यांच्यातील वायबेल-पॅलेड कणिका सूक्ष्मदर्शकाखाली लांबट, ठळक ठिपक्यांसारख्या दिसतात. मात्र पाचव्या-सहाव्या पॅसेजनंतर (पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या फेरीनंतर) त्या वापरू नयेत.

दाहाचा प्रतिसादही अपेक्षेप्रमाणे मिळतो. एरवी दाहाची जनुके चालू करणारे एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन आयकप्पाबी या दुसऱ्या प्रथिनाने पेशीद्रव्यात अडकवून ठेवलेले असते. टीएनएफ-अल्फा हा दाहाचा संदेश देणारा रेणू दिल्यावर आयकप्पाबी नष्ट होते, मोकळे झालेले एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरते आणि पांढऱ्या पेशींना धरून ठेवणाऱ्या ई-सिलेक्टिन, आयकॅम-१ व व्हीकॅम-१ या प्रथिनांची जनुके कार्यरत होतात. यांपैकी ई-सिलेक्टिन चार ते सहा तासांत शिखर गाठून ओसरू लागते, तर व्हीकॅम-१ दुसऱ्या दिवशीही पेशीपृष्ठावर भरपूर असते. हा क्रम या पेशींत स्वच्छ दिसला.

माझा खरा आक्षेप मीडियमबद्दल, म्हणजे पेशी ज्यात वाढवतात त्या पोषक द्रवाबद्दल आहे. सोबतच्या पूरक घटकांत हायड्रोकॉर्टिसोन हे दाह शमवणारे स्टेरॉइड असते, जे पेशीतील ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहीमार्फत (अशी स्टेरॉइडे ओळखणाऱ्या प्रथिनामार्फत) एनएफ-कप्पा-बीचे काम दाबते, म्हणजे जो प्रतिसाद मोजण्यासाठी पेशी घ्यायच्या, तोच मीडियममुळे मंदावतो. माहितीपत्रकात त्याचा उल्लेख केवळ घटकांच्या यादीत आहे. दाहाच्या अभ्यासकांसाठी ही सूचना पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत असायला हवी होती.

या पेशी ‘शरीरातील पेशींसारख्याच’ वागतात, हा जाहिरातीतील दावाही मला मान्य नाही. वाहत्या रक्ताच्या घर्षणामुळे एंडोथेलियममध्ये केएलएफ२ हे जनुक कार्यरत राहते. ते रक्तवाहिन्या सैल करणारे नायट्रिक ऑक्साइड तयार करणारे एन्झाइम वाढवते आणि दाहाला आवर घालते. स्थिर फ्लास्कमध्ये प्रवाहच नसल्याने हे नियंत्रण फार दुबळे असते, हे निष्कर्ष काढताना विसरून चालणार नाही.

पोहोच सेवा मात्र मराठवाड्यासाठी पुरेशी नाही. मुंबईहून सुक्या बर्फात निघालेले पार्सल मे महिन्याच्या उन्हात गोदामात पडून राहिले, तर पेशी वितळतात आणि पुन्हा गोठवूनही उपयोग होत नाही. त्यामुळे मागणी नोंदवताना पार्सल सोमवारी पाठवण्याची अट लेखी घालावी, जादा सुका बर्फ मागावा, आल्याबरोबर व्हायल द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी आणि हायड्रोकॉर्टिसोन मीडियममध्ये आधीच मिसळून न घेता स्वतंत्र कुपीत मागून घ्यावे.