सागवानी जहाजावरची बिनपगारी नोकरी: एका सुताराचा अभिप्राय

आधी निकाल सांगतो. लेकीकडे इंग्लंडात जाऊन टीव्हीसमोर कंटाळणाऱ्या आईबापांनी जुन्या जहाजावरचं व्हॉलंटिअरचं काम जरूर करावं. फक्त आपली कारागिरी दाखवायला जाऊ नये. ती तिथं कोणी मागत नाही.

मी गडचिरोलीतल्या वडसा भागातला सुतार. जन्म आरामशीनच्या भुशात गेला. लेक उत्तर इंग्लंडात नर्स आहे. जावई म्हणाले, "मामाजी, इथं हार्टलपूलला मुंबईत बनलेलं जहाज उभं आहे, अख्खं सागवानाचं." मला वाटलं, थट्टा करतात. जाऊन पाहतो तर खरंच. एचएमएस ट्रिंकोमाली. जमशेटजी बोमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधलं, १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरवलं. अजून तरंगत असलेलं ब्रिटनचं सर्वात जुनं लढाऊ जहाज हेच.

नेपोलियनशी लढता लढता इंग्रजांना ओक पुरेना, म्हणून त्यांनी सागवान धरलं. ट्रिंकोमालीच्या बांधणीचे नकाशे १८१२ मध्ये ज्या जहाजातून मुंबईला निघाले ते अमेरिकनांनी वाटेतच पकडून जाळलं, मग दुसरी प्रत पाठवावी लागली. जहाज तयार होईस्तोवर लढाई संपून गेली होती! सरकारी काम तेव्हाही असंच. लाकूड मलबारचं, आपल्या आलापल्लीच्या जंगलाचं नव्हे. हे मी खोदून खोदून विचारून घेतलं, कारण गावात परतल्यावर पहिला प्रश्न तोच येणार होता. आलाही.

कामाचं म्हणाल तर सुरुवात झाडूपासून. मग पितळ घासणं, दोर गुंडाळून ठेवणं, रंग द्यायच्या आधी कठड्यावर पॉलिश पेपर मारणं. पटाशी हातात मिळत नाही. मूळ लाकडाला हात लावायचा तो तिथल्या पगारी मिस्त्रीनंच, आणि त्यानंही आधी फोटो काढून, कागदावर नोंद करून. मला हे पटलं. आपल्याकडे वाड्याच्या शिसवी खांबाला चॉकलेटी ऑइलपेंट फासून "आता कसं नवं दिसते" म्हणणारे लोक आहेत, त्यांना आठवडाभर तिथं उभं करायला पाहिजे.

त्या मिस्त्रीचं इंग्रजी मला निम्मंही समजत नव्हतं. पण एकदा त्यानं कपाटातून जुन्या फळीचा वीतभर तुकडा काढून माझ्या हातात ठेवला. मी सवयीनं आधी आडवा काप पाहिला, मग नख रोवून पाहिलं. नख रुतलं नाही. अंगठा फिरवला तर अजून किंचित तेलकट. लोखंडी खिळ्याचं भोक होतं, त्याच्या कडा शाबूत. ओक असता तर तिथं लाकूड काळं पडलं असतं, कारण ओकच्या आंबटपणानं लोखंड गंजते आणि गंज लाकूड खाते. सागाचं तेल लोखंडालाही सांभाळते. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला हेच सांगत आलो, पुरावा हातात पहिल्यांदा आला. मिस्त्री माझ्या तोंडाकडे पाहून हसला. दुसऱ्या दिवशी मी त्याला लाखोळीच्या डाळीचे वडे नेऊन दिले. मिरची लागली त्याला, पण सोडले नाहीत एकही.

फळ्यांच्या सांध्यात सुतळीसारखे तंतू ठोकून वरून डांबर ओततात, तेही तिथं समजून घेतलं. डोंग्याच्या भेगा बुजवणाऱ्या आपल्या वैनगंगेच्या ढिवरांना हे शिकवायची गरज पडणार नाही.

त्रास एकच, वारा. समुद्रावरून असा येतो की कानटोपी, मफलर, स्वेटर सगळं घालूनही दात वाजतात. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून जावं, आतल्या शिड्या उभ्या आहेत आणि खालच्या मजल्यावर वाकूनच चालावं लागते.

पैसे? शून्य. गावात एकानं विचारलंच, "काहून जी, विलायतेत जाऊन झाडू मारून आला?" हो, मारून आलो. माझ्याच्यानं झालं तर पुन्हा मारीन.

जायचं असेल तर दोन गोष्टी. व्हिजिटर व्हिसावर असं काम नोंदणीकृत धर्मादाय संस्थेतच चालते, तेही एकूण ३० दिवसांच्या आत. त्यामुळे लेकीला किंवा सुनेला आधी ई-मेल करून सगळं विचारायला लावा, तिथं जाऊन घोळ नको. आणि आतून घालायचे गरम कपडे नागपूरहून घेऊन बॅग भरू नका. तिकडच्या थंडीचे कपडे तिकडेच चांगले मिळतात, आणि बिल जावई भरतात.