अमेरिकेची लैंगिक गुन्हेगार शोध साइट: उपयोगी, पण अर्धीच

अमेरिकेच्या न्याय विभागाची ही मोफत साइट 2005 पासून चालू आहे. तिच्याकडे स्वतःची यादी नाही. तुम्ही नाव टाकलं की ती राज्यांच्या नोंदवह्या चाळते. एखाद्या राज्याचा सर्व्हर बंद असेल तर तिथले निकाल येतच नाहीत, म्हणून निकालांच्या वर दिसणारी सूचना आधी वाचा.

'काही सापडलं नाही' याचा अर्थ 'नोंद नाही' असा घेऊ नका. काही राज्यं पहिल्या, म्हणजे सर्वात कमी गंभीर गुन्ह्यांच्या श्रेणीतली नावं जनतेला दाखवतच नाहीत. 2006 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे त्या श्रेणीतल्या गुन्हेगाराची नोंद 15 वर्षं राहते आणि त्याला दर वर्षी हजेरी द्यावी लागते. दुसरीला 25 वर्षं, दर सहा महिन्यांनी. तिसरीला जन्मभर, दर तीन महिन्यांनी. घर किंवा नोकरी बदलली तर तीन कामाच्या दिवसांत प्रत्यक्ष जाऊन कळवायचं. हे किमान नियम. सगळी राज्यं ते पूर्ण पाळत नाहीत, म्हणून पत्ता शिळा असू शकतो.

नामसाधर्म्य ही मोठी गोची. फोटो, वय आणि राज्याचं मूळ पान ताडल्याशिवाय कुणावर बोट ठेवू नका. या माहितीवरून कुणाला त्रास देणं हा गुन्हा ठरू शकतो.

पाचपैकी तीन तारे.