डेंग्यूची माहिती लोकांपर्यंत न्यायची, तर व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्राम की फेसबुक?

पावसाळ्याच्या तोंडावर प्राथमिक आरोग्य केंद्र, नगरपालिकेचा आरोग्य विभाग किंवा मोठ्या सोसायटीची कमिटी यांच्यापुढे हा प्रश्न येतोच. हाताशी एक माणूस, एक फोन आणि दिवसाचा अर्धा तास आहे असं धरून ही तुलना केली आहे. एकच पोस्टर चारही ठिकाणी चिकटवून मोकळं होता येतं, पण त्याने फारसं काही साधत नाही.

माध्यमाआधी निरोप ठरवा. डेंग्यूत सांगण्यासारखं मुख्यतः तीन प्रकारचं असतं: दाखवायचं, जपून ठेवायचं आणि आजच्या आज कळवायचं.

दाखवायचं म्हणजे कोरडा दिवस, पाण्याची भांडी रिकामी करून घासायचा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ साधारण 7 ते 10 दिवसांत होते, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप, रांजण, कूलर, फ्रिजमागचा ट्रे रिकामा करायचा. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या आसपास चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरलं की अळ्या तयार. काथ्याने घासायचं कसं आणि कुठे, हे लिहून पटत नाही. त्यासाठी व्हिडिओच हवा.

इथे यूट्यूब उजवं ठरतं. दोन मिनिटांचा व्हिडिओ पुढच्या पावसाळ्यातही शोधून सापडतो, वर्णनात मजकूर वाढवता येतो आणि दुवा कुठेही पाठवता येतो. शीर्षकात ‘आरोग्य विभागाचा उपक्रम’ लिहू नका, ते कोणी शोधत नाही. ‘पिंपातल्या अळ्या कशा काढायच्या’ असं लिहा आणि वर्णनात तेच रोमन लिपीतही द्या, कारण बरेच जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. उणीव एकच, पण मोठी: चूक सापडली तर त्याच दुव्यावर नवा व्हिडिओ चढवता येत नाही. म्हणून मोबाइल नंबर, शिबिराची तारीख असं बदलणारं काहीही व्हिडिओत बोलू नका, ते वर्णनात टाका.

जपून ठेवायचा निरोप तापाचा. ताप उतरला म्हणजे बरं वाटायला लागलं, असा समज असतो. डेंग्यूत धोका बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरतानाच वाढतो. पोटात जोराचं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप मरगळ किंवा अस्वस्थता दिसली तर लगेच रुग्णालय. तापाला पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. हे सहा ओळींत, साध्या मजकुरात व्हॉट्सॲपवर पाठवा. चित्रातला मजकूर फॉरवर्ड होता होता धूसर होतो आणि चॅटमध्ये शोधूनही सापडत नाही.

व्हॉट्सॲपमध्येही तीन वाटा आहेत आणि गडबड तिथेच होते. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोचतो. ‘सगळ्यांना पाठवलं’ म्हणणाऱ्यांचे निम्मे निरोप कोणाच्याच फोनवर नसतात, असंही होऊ शकतं. ग्रुपमध्ये 1024 जण मावतात, मात्र एकमेकांचे नंबर दिसतात, आणि ‘फक्त ॲडमिन’ ही सेटिंग लावली नाही तर दुपारपर्यंत पपईच्या पानांच्या रसासारख्या उपायांचे निरोप सुरू होतात. चॅनेलमध्ये नंबर लपलेले राहतात, पण लोकांना उलट प्रश्न विचारता येत नाही. आमच्या मते आशाताई ज्या वस्तीत फिरते तिथे ग्रुप, शहरासाठी चॅनेल.

आजच्या आज कळवायच्या सूचनेलाही व्हॉट्सॲपच बरं, एक काळजी घेऊन. पुढे गेलेल्या प्रती मागे घेता येत नाहीत, तेव्हा पहिल्या ओळीत गाव आणि पूर्ण तारीख, शेवटी पाठवणाऱ्या कार्यालयाचं नाव हवं. ‘उद्या तपासणी’ लिहिलेला निरोप आठवडाभर फिरत राहतो. आणि रुग्णाचं नाव, घर, रिपोर्टचा फोटो ग्रुपवर कधीच नाही. ‘अमुक प्रभागात रुग्ण आढळले’ एवढं पुरे.

इन्स्टाग्राम तरुणांसाठी ठीक. रील बघणारे पुष्कळ जण आवाज बंद ठेवतात, म्हणून पडद्यावर मराठी अक्षरं हवीत, तीही मधोमध. खालच्या पट्टीत ती बटणांखाली झाकली जातात. कॅप्शनमधला दुवा उघडत नाही. रील बनवण्याची हौस असलेला माणूस नसेल तर या वाटेला न गेलेलं बरं.

फेसबुकचा उपयोग गावाच्या ग्रुपमध्ये, तोही उत्तरं द्यायला कोणी असेल तरच. तिथे हमखास प्रश्न येतो: धूरफवारणी कधी? उत्तर तयार ठेवा: धुराने उडणारे डास मरतात, पिंपातल्या अळ्या तशाच राहतात.

आम्हाला निवडायला सांगितलं तर एक यूट्यूब व्हिडिओ आणि व्हॉट्सॲप, बाकी सवडीने. परिणाम मात्र व्ह्यूजवर मोजू नका. मोहिमेआधी आणि चार आठवड्यांनी त्याच वस्तीत घरोघरी अळ्यांचं सर्वेक्षण करा: अळ्या सापडलेली घरं भागिले तपासलेली घरं, गुणिले 100. शेजारच्या, निरोप न गेलेल्या वस्तीतही तेच मोजा, कारण पाऊस थांबला तरी हा आकडा आपोआप उतरतो.