‘ताईच्या खात्यावर टाका’: इव्ह ऑनलाइनमधील बेसच्या नावाखाली झालेली फसवणूक

इव्ह ऑनलाइन हा अवकाशातला खेळ आइसलँडच्या सीसीपी गेम्स या कंपनीने 2003 साली सुरू केला आणि त्यात एका खेळाडूने दुसऱ्याला लुबाडणे हा बहुतांशी नियमभंग मानला जात नाही, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी आधी ध्यानात घ्यावे. कारण आमच्या बाबतीत जे घडले त्याचा अर्धा भाग या सवलतीत बसतो आणि उरलेला अर्धा सरळसरळ फौजदारी गुन्हा आहे. गुन्ह्याचा भाग सवलतीच्या भागामागे लपवता येतो हे आम्हाला फसवणाऱ्या माणसाला पुरते ठाऊक होते, आणि त्यावरच त्याची सगळी योजना उभी होती.

आमची कॉर्पोरेशन, म्हणजे खेळाडूंच्या बोलीतली ‘कॉर्प’, लहान आहे. ठाण्यात घोडबंदर रोडवर राहणारे आमचे सीईओ, नौपाड्यातला मी, ऐरोली आणि घणसोलीचे काही जण, आणि नोकरीनिमित्त पुण्याला गेलेले दोघे, असा सगळा मराठी कंपू. लो-सेक, म्हणजे खेळातल्या कमी सुरक्षेच्या भागात एका चंद्राजवळ आमचा बेस, म्हणजे अथानोर होता. अथानोर ही मध्यम आकाराची रिफायनरी असते. 2017 च्या ऑक्टोबरपासून चंद्रावरचे खनिज अशा रिफायनरीतून काढता येते. तिच्या यंत्राने चंद्राचा एक तुकडा ओढून घ्यायला कमीत कमी 6 आणि जास्तीत जास्त 56 दिवस लावता येतात. तुकडा येऊन पोचला की तो आपण फोडायचा, नाहीतर तीन तासांनी तो आपोआप फुटतो. आम्ही तो नेहमी शनिवारी रात्री येईल असा बेत ठेवत असू, म्हणजे जेवणे आटोपून सगळ्यांना खाणकामाला बसता येई.

या बेसचा जीव असतो तो फ्युएल ब्लॉकमध्ये, म्हणजे इंधनात. बेसवर बसवलेली प्रत्येक सेवा दर तासाला ठरावीक ब्लॉक खाते. ब्लॉक संपले की सेवा बंद पडतात आणि बेस ‘लो पॉवर’ स्थितीत जातो; तसाच सात दिवस राहिला तर तो ‘अबँडन्ड’, म्हणजे बेवारस ठरतो. एरवी शत्रूने हल्ला केला तर मधे टायमर लागतो आणि बचावाची तयारी करायला वेळ मिळतो. बेवारस बेसला ते संरक्षण राहत नाही आणि आत ठेवलेला माल हल्लेखोरांच्या हाती पडू शकतो. त्यामुळे फ्युएलचा हिशेब पाहणारा माणूस हा अशा कॉर्पचा खरा कारभारी असतो, मग त्याचा हुद्दा काहीही असो.

तो माणूस आमच्यात आला तेव्हा त्याने नेमके हेच काम मागून घेतले. आपण नेरूळला राहतो, ऐरोलीच्या एका आयटी पार्कात रात्रपाळी करतो, त्यामुळे दुपारी मोकळा असतो, असे त्याने सांगितले होते. सर्व्हर रोज थोडा वेळ बंद ठेवतात तो डाउनटाइम 11:00 यूटीसीला, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचारला असतो. त्या सुमाराला आम्ही बाकीचे कुणी ऑफिसात, कुणी लोकलमध्ये असल्यामुळे त्या वेळी बेसकडे पाहणारा माणूस मिळाला याचे सगळ्यांना बरेच वाटले. जिता या खेळातल्या मोठ्या बाजारातून ब्लॉक आणणे, उरलेल्या साठ्याचा तक्ता दर रविवारी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे, चुकून जास्त घेतलेले आयएसके, म्हणजे खेळातले चलन, स्वतःहून परत करणे, हे सगळे तो इतक्या चोखपणे करी की हिशेब तपासायची गरजच कुणाला भासेना. वयाने मोठ्या मंडळींना तो ‘दादा’ म्हणे आणि आवाजी गप्पांत सगळ्यांच्या घरच्यांची चौकशी करी.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगितली पाहिजे. या खेळातल्या गाजलेल्या दगाफटक्यांच्या कहाण्या आम्हाला तोच रंगवून सांगत असे. 2005 साली गाइडिंग हँड सोशल क्लब या टोळीने बरेच महिने आत माणसे पेरून एक कॉर्प कशी धुऊन नेली, 2009 च्या फेब्रुवारीत एका फितूर डायरेक्टरच्या हातून बँड ऑफ ब्रदर्स ही बलाढ्य आघाडी कशी विसर्जित झाली, 2017 मध्ये सर्कल ऑफ टू या आघाडीचा कीपस्टार, म्हणजे भला मोठा तळ, तिच्याच एका ज्येष्ठ सदस्याने कसा दुसऱ्यांच्या नावे करून टाकला, हे सांगून तो शेवटी म्हणे, ‘म्हणून सांगतो दादा, इथे कुणावर विश्वास टाकू नका.’ इतके बजावून सांगणाऱ्यावर संशय घेणे अवघड असते, आणि पुढे जेव्हा खरेच काही घडते तेव्हा ते त्याच कहाण्यांपैकी एक वाटू लागते.

पावसाळ्यात त्याने सीईओंकडे डायरेक्टरचा हुद्दा मागितला. बेसच्या सेवा वेळेवर चालू-बंद करता येत नाहीत, प्रत्येक वेळी तुम्हाला फोन करावा लागतो, हे त्याचे कारण होते. वास्तविक बेसच्या देखरेखीसाठी ‘स्टेशन मॅनेजर’ ही भूमिका पुरते. डायरेक्टरला कॉर्पचे सातही हँगर (मालाची कोठारे) आणि सातही वॉलेट खुली होतात, बेस दुसऱ्या कॉर्पच्या नावे करण्याचा अधिकार मिळतो, आणि त्याच्याकडून हा हुद्दा फक्त सीईओ काढून घेऊ शकतो, दुसरा डायरेक्टर नाही. जो कुणी फ्युएलचे कारण देऊन डायरेक्टर व्हायला मागतो, त्याला फ्युएलपलीकडचे काहीतरी हवे असते, एवढे आता मी खात्रीने म्हणतो.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात दुसरा प्रस्ताव आला. अथानोर विकून मोठी रिफायनरी, म्हणजे टाटारा, घ्यायची. त्यासाठी लागणारे आयएसके प्लेक्स विकून उभे करायचे. प्लेक्स ही खेळातली अशी वस्तू आहे की जी खऱ्या पैशांनी विकत घेता येते आणि मग खेळाच्या बाजारात आयएसके घेऊन विकता येते. 500 प्लेक्समध्ये ओमेगा, म्हणजे खेळाच्या सशुल्क वर्गणीचा एक महिना मिळतो. परदेशातल्या एका मित्राकडे सवलतीतले भरपूर प्लेक्स आहेत, अधिकृत दुकानापेक्षा बरेच स्वस्त पडतील, प्रत्येकाने साडेचार हजार रुपये यूपीआयने पाठवावेत, असे त्याने लिहिले. सोबत प्लेक्सच्या साठ्याचा एक स्क्रीनशॉट होता. पैसे पाठवताना ॲपवर खातेदार म्हणून एका बाईंचे नाव येत होते. घणसोलीच्या मित्राने त्याबद्दल विचारले तेव्हा उत्तर आले, ‘माझ्या खात्याची आजची लिमिट संपली आहे, ताईच्या खात्यावर टाका, काळजी नको.’ हे उत्तर इतके घरगुती होते की पुढे कुणी काही बोलले नाही. जवळपास सगळ्यांनी पैसे पाठवले, पुण्याच्या एकाने तर दोन वाटे घेतले.

त्या स्क्रीनशॉटबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण खोटेपणा त्यातच दिसत होता. खेळाच्या खिडकीत एका कोपऱ्यात इव्ह टाइम, म्हणजे यूटीसी वेळ दिसते. प्रतिमा ताजी वाटावी म्हणून त्याने तिथले आकडे बदलले होते, आणि बदलून केले होते 11:02. त्या मिनिटाला सर्व्हर डाउनटाइमसाठी बंद असतो, आत कुणीच नसतो. प्रतिमा मोठी करून पाहिली तर त्या चार आकड्यांभोवतीची काळी छटा बाकीच्या पट्टीपेक्षा किंचित वेगळी दिसते. हे ऐरोलीच्या मित्राच्या लक्षात आले ते सगळे उरकल्यावर.

चतुर्थीला आमच्यातले निम्मे लोक कोकणात होते. ‘दादा, तुम्ही निवांत गावाला जा, बेसचं मी बघतो,’ हा त्याचा ग्रुपवरचा शेवटचा निरोप. विसर्जन करून सीईओ परतले आणि त्यांनी खेळ उघडला, तेव्हा अथानोरच्या मालकाच्या जागी कधी न ऐकलेल्या कॉर्पचे नाव होते. कॉर्पचे हँगर मोकळे झालेले होते. वॉलेटच्या जर्नलमध्ये रक्कम कुठे गेली याची नोंद होती, पण हँगरमधून कुणी काय उचलले याची नोंद खेळ ठेवत नाही. ती हवी असेल तर माल ऑडिट लॉगवाल्या, म्हणजे काढ-घालीची नोंद ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये ठेवावा लागतो. आमच्या वैयक्तिक हँगरमधला माल ‘ॲसेट सेफ्टी’च्या सोयीने वाचला. आमच्या सूर्यमालेत माल उतरवायला दुसरे स्टेशन नसल्याने तो 20 दिवसांनी दुसऱ्या सूर्यमालेतल्या लो-सेक स्टेशनात मिळाला आणि त्यासाठी किमतीच्या 15 टक्के भरावे लागले. वर्महोल या खेळातल्या आडवाटेच्या भागात बेस असता तर तेवढीही सोय मिळाली नसती.

बेस गेल्याचे मला फारसे दुःख नाही. तो खेळाचा भाग आहे, कंपनी तो परत मिळवून देत नाही, आणि देऊ नये असेच माझे मत आहे. आमची खरी चूक झाली ती त्यानंतरच्या चर्चेत. ‘गेममध्ये असं चालतंच’, ‘पोलिसांना अथानोर म्हणजे काय ते कसं समजावणार’, ‘घरी कळलं तर काय म्हणतील’ अशा बोलण्यात आमचे मौल्यवान दिवस गेले. एकाने तर असेही सुचवले की कंपनीबाहेरच्या माणसाकडून रुपये मोजून प्लेक्स घेणे नियमाविरुद्ध असल्याने तक्रार केली तर आपलीच खाती बंद होतील. असा सौदा नियमाविरुद्ध आहे हे खरेच. पण ती बाब खेळाडू आणि कंपनी यांच्यातली. खोटे आश्वासन देऊन खात्यावर रुपये घेणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालची फसवणूक आहे, आणि पोलिसांना चंद्र, रिफायनरी किंवा टाटारा यांतले काहीही समजावावे लागत नाही. कुणी, कुठल्या आश्वासनावर, कुठल्या खात्यावर, केव्हा, किती पैसे घेतले, एवढेच सांगायचे असते.

घणसोलीच्या मित्राने या चर्चेत भाग न घेता लगेच 1930 या हेल्पलाइनवर फोन केला. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूपीआय आयडी त्याच्याजवळ तयार होते. त्याच्या रकमेचा काही भाग पुढच्या एका खात्यात गोठवला गेला. आम्ही बाकीच्यांनी नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रारी नोंदवल्या, तोपर्यंत आमचे पैसे खात्याखात्यांतून पुढे निघून गेले होते. ‘ताई’ कोण हे अजून कळलेले नाही; कदाचित त्या बाईंचे खातेही कुणी भाड्याने घेतलेले असेल.

आता नव्या बेससाठी आम्ही वर्गणी काढतो ती फक्त खेळाच्या आत. ज्याला प्लेक्स द्यायचे असतील तो ते अधिकृत दुकानातून स्वतःच्या खात्यावर घेतो आणि खेळातच कॉर्पला देतो. रुपया एका सदस्याकडून दुसऱ्याकडे जात नाही. फ्युएलच्या माणसाला एकच हँगर खुले असते, आणि त्यातला माल ऑडिट लॉगवाल्या कंटेनरमध्ये असतो.

हे लिहिण्याचे तातडीचे कारण असे की, गेल्या महिन्यात खारघरच्या एका तरुण खेळाडूने मला एक निरोप दाखवला. नाव नवे होते, पण रात्रपाळी, परदेशातला मित्र, सवलतीतले प्लेक्स आणि संपलेली लिमिट हे सगळे त्याच क्रमाने होते. फक्त ताईच्या जागी या वेळी वहिनी होती. असा निरोप ज्यांना येईल त्यांनी पैसे तर पाठवू नयेतच, पण निरोप पुसूनही टाकू नये. संशयित फोन क्रमांक आणि खाती नोंदवण्याची व तपासण्याची सोय त्याच पोर्टलवर आहे. खारघरच्या मुलाने तो क्रमांक तिथे नोंदवला आहे, आणि आमच्या तक्रारीत जोडण्यासाठी त्या संभाषणाच्या प्रती मला दिल्या आहेत.