काजूच्या बागायतीसाठी आधी काय: पीएम-किसान की आधारभूत किंमत?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूची बागायत असली की मार्चमध्ये हा प्रश्न पडतोच. कामाचा दिवस मोडून तालुक्याच्या गावी, वाळपईला जायचे, तर कोणत्या पैशांसाठी: केंद्राच्या पीएम-किसानच्या, की काजूच्या आधारभूत किमतीतून राज्य सरकार देते त्या? दोन्ही मिळत असतील तर दोन्ही घ्यावेत, एकामुळे दुसरे अडत नाही. पण घरात कागदांमागे धावणारा माणूस बहुधा एकच असतो, त्याने सुरुवात कुठून करायची एवढेच ठरवायचे आहे.

पीएम-किसानचा हिशेब सोपा. २०१९ पासून वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते, थेट खात्यात. बी लागो न लागो, माकडांनी अर्धी बाग झोडपो, हप्ता तेवढाच. ई-केवायसी मात्र करावी लागते. खरी अडचण वेगळीच आहे: हे पैसे कसणाऱ्याला नाहीत, ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला आहेत. आमच्याकडे एक-चौदाचा उतारा (आमचा सातबारा) काढला तर त्यावर अजून आजोबाच बसलेले असतात. मोकाशातल्या (जुन्या इनामदारीच्या) किंवा सरकारी जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या काजू राखलेल्यांचे तर तिथे नावच नसते. शिवाय नवरा-बायकोपैकी कोणी आयकर भरत असेल, किंवा चतुर्थ श्रेणीच्या वरच्या सरकारी नोकरीत असेल, तर विषय संपला. वेगळ्या राहणाऱ्या भावाची नोकरी मात्र आड येत नाही, कारण योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले. याच गैरसमजापायी काहींनी अर्जच केलेला नाही.

आधारभूत किमतीचे गणित किलोवर चालते. काजूचा आधारभूत दर गोव्याच्या २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात १२५ वरून १५० रुपये झाला. त्या दराने, समजा बाजारात ११० मिळाले, तर किलोमागे ४० रुपये फरक सरकार देते. म्हणजे दीड क्विंटल बी घातली की पीएम-किसानच्या वर्षभराच्या रकमेची बरोबरी झाली. पाच क्विंटलवाल्याला २०,००० येतात. मात्र बाजारभाव आधारभूत दराच्या वर गेला की हा फरक शून्य. आणि पैसे हातोहात मिळत नाहीत, वाट पाहावी लागते.

यासाठी कृषी कार्ड, म्हणजे कृषी खात्याचे शेतकरी ओळखपत्र, हवे आणि गोवा बागायतदारसारख्या मान्य सहकारी संस्थेची पावती हवी. इथेच माझा मामा फसला. एक व्यापारी दारात आला, आंब्याच्या फांदीला काटा टांगला, संस्थेपेक्षा दोन रुपये जास्त देऊन रोख मोजून गेला. हिशेब सिगारेटच्या पाकिटामागे लिहिलेला. मामा खूश! पुढे शेजाऱ्याच्या खात्यात फरकाची रक्कम आली तेव्हा ते पाकीट शोधून तरी काय उपयोग? दुसऱ्या वर्षी पोती संस्थेत गेली, पण स्कूटरवरून मुलगा घेऊन गेला आणि पावती त्याच्याच नावाने फाडली गेली. कार्ड मामाच्या नावाने. पुन्हा फेऱ्या.

माझे मत असे: उतारा तुमच्या नावावर स्वच्छ असेल आणि बी शे-सव्वाशे किलोच्या आत असेल, तर आधी पीएम-किसान. नाव चढवण्याचे काम वर्षानुवर्षे अडलेले असेल, किंवा बी त्याहून जास्त असेल, तर आधी कृषी कार्ड करा आणि दारातल्या काट्याला नाही म्हणा. बोंडू पिळून हुराक (काजूची दारू) काढता त्याचा यात काही संबंध नाही, फरक फक्त बियांवर.

राज्य सरकारचा शेतकरी आधार निधी या तुलनेत बसत नाही. तो नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणाने नुकसान झाले तरच मिळतो. वादळात झाडे पडली तर फांद्या तोडण्याआधी फोटो काढून विभागीय कृषी कार्यालयाला कळवा.

यंदाचा आधारभूत दर बिया वेचायला लागण्यापूर्वी त्याच कार्यालयात विचारून घ्या. जाताना पासबुकही न्या. बँकांच्या विलीनीकरणानंतर बऱ्याच शाखांचे आयएफएससी बदललेत आणि कार्डाच्या नोंदीत अजून जुनाच असतो.