जुन्या पिकअपचं झिजलेलं स्टेअरिंग: कव्हर, शिलाई, जुन्या बाजारातलं की नवंकोरं?

बोलेरो पिकअप असो, कॅम्पर असो की टाटा २०७, आठ-दहा वर्षं माल ओढलेल्या गाडीच्या स्टेअरिंगवर ड्रायव्हरच्या हातांचे ठसेच उमटलेले असतात. घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी ते गुळगुळीत होतं, दांड्या रिमला मिळतात तिथे तडे जातात आणि पावसाळ्यात सगळं चिकट लागतं. मग मालक चार ठिकाणी विचारतो आणि चार उत्तरं घेऊन येतो. ॲक्सेसरीवाला कव्हर सुचवतो, कुशनवाला शिवून देतो म्हणतो, मिस्त्री जुन्या बाजारात पाठवतो आणि पोराला स्पोर्ट्स स्टेअरिंग हवं असतं. यातलं आपल्या गाडीला काय लागू पडतं, हे ठरवण्याआधी नेमकं झिजलंय काय ते पाहायला हवं.

स्टेअरिंगच्या आत धातूचा सांगाडा असतो आणि त्यावर बहुतेक गाड्यांत पॉलियुरेथेनचा फोम ओतलेला असतो. जुन्या गाड्यांत त्याजागी कडक प्लास्टिकही सापडतं. दमट हवा, घाम आणि काचेतून येणारं ऊन यांनी पॉलियुरेथेन हळूहळू विघटित होतं. चिकटपणा येतो तो त्यामुळे, मळामुळे नव्हे. साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून दोन दिवसांत पुन्हा चिकट लागलं, तर वरचा थर गेला असं धरा. कोकणात समुद्राकाठी उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे लवकर होतं. विदर्भातल्या उन्हात चिकटण्याऐवजी तडेच जास्त दिसतात.

थर गेला तर प्रश्न फक्त पकडीचा आहे. सांगाडा गेला तर प्रश्न जिवाचा आहे. म्हणून गाडी उभी असताना रिम दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे दाबा. एखादी दांडी वाकत असेल, आतून कट्ट आवाज येत असेल किंवा तड्यातून गंजलेला धातू दिसत असेल, तर कव्हर आणि शिलाई हे दोन्ही पर्याय तिथेच बाद. तडा झाकला म्हणजे तो बुजला असं होत नाही. उलट पुढे तो वाढतोय हे कुणाला दिसतही नाही.

आणखी एक गोष्ट आधीच तपासा. स्टेअरिंग सैल लागतं म्हणून ते बदलायला निघालेले बरेच जण असतात, पण सैलपणा बहुतेक वेळा स्टेअरिंगमध्ये नसतोच. तो टाय रॉडच्या टोकांत, कॉलमच्या (स्टेअरिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्याच्या) बुशमध्ये, खालच्या जॉइंटमध्ये किंवा स्टेअरिंग बॉक्समध्ये असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९८ प्रमाणे स्टेअरिंगचा प्ले, म्हणजे चाकं न वळता ते मोकळं फिरतं तेवढा भाग, ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. ४०० मिलिमीटर व्यासाच्या रिमवर ३० अंश म्हणजे जवळजवळ साडेदहा सेंटिमीटर. ही कायद्याची शेवटची हद्द आहे. घाटात एवढा प्ले असलेली गाडी मी स्वतः चालवणार नाही. माल वाहणाऱ्या गाडीचं फिटनेस आठ वर्षांनंतर दर वर्षी करावं लागतं. तेव्हा हातात आहेत तेवढे पैसे आधी खालच्या सांध्यांवर घाला.

सांगाडा ठणठणीत असेल तर निवड कव्हर की शिलाई एवढीच उरते. तयार चढवायचं कव्हर काही शे रुपयांत येतं आणि पाच मिनिटांत बसतं. त्याचं मोठं वैगुण्य म्हणजे ते रिमवर फिरतं. गाडीत दीड टन कांदा, समोर घाटातलं वळण, हात झटकन फिरवला आणि कव्हर बोटभर सरकलं, तर तेवढ्यात गाडी भलतीकडे जाते. छोट्या कारच्या मापाचं कव्हर पिकअपच्या मोठ्या रिमवर ताणून बसवलं तर शिवण उसवते, आणि मोठं घेतलं तर ते सुरुवातीपासूनच सैल. घ्यायचंच असेल तर रिमचा बाहेरचा व्यास टेपने मोजून घ्या, बसवल्यावर दोन्ही हातांनी जोरात पिळून पाहा, आणि किंचितही सरकलं तर दुकानदाराला परत द्या. गाडी दोन-तीन महिन्यांत विकायची असेल किंवा शेतातून गोठ्यापर्यंतच जात असेल, तर कव्हर चालेल. रोज हायवेवर जाणाऱ्या गाडीला ते मी सुचवणार नाही.

शिलाईचा हिशोब वेगळा. कुशनवाला रिमच्या मापाने लेदर किंवा रेक्झिन कापतो, चिकटवतो आणि आतल्या कडेने दोऱ्याने ओढून शिवतो. ते रिमशी एकजीव होतं, सरकत नाही. खर्च कव्हरच्या कितीतरी पट, तरी नव्या स्टेअरिंगपेक्षा बहुधा कमी. इथे तीन गोष्टींवर अडून बसा. पहिली, चिकट झालेला जुना थर खरवडून, घासून काढल्याशिवाय वर काही चिकटवू देऊ नका, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात आतला गोंद सुटेल. दुसरी, खाली स्पंज घालायचा आग्रह झाला तर तो पातळच हवा. जाड रिम दुकानात हाताला छान लागते, पण बोटं पूर्ण वळत नाहीत आणि दिवसभर चालवणाऱ्याचा पंजा संध्याकाळी दुखतो. तिसरी, कातडं छिद्रांचं घ्या, घाम जिरतो. रेक्झिन स्वस्त पडतं, पण घाम आणि उन्हाने त्याचे पापुद्रे निघतात. गाडी आणखी चार-पाच वर्षं ठेवायची असेल तर खऱ्या लेदरचे जास्तीचे पैसे सार्थकी लागतात. एकच अडचण आहे: काम होईपर्यंत स्टेअरिंग काढून कुशनवाल्याकडे ठेवलं तर गाडी एक दिवस उभी राहते. हंगामात देवगडहून वाशीला आंबा नेणाऱ्याला तो दिवस परवडत नाही. त्याने शिलाई पावसाळ्यात, धंदा मंद असताना करावी.

कडक प्लास्टिकच्या जुन्या स्टेअरिंगला याशिवाय एक वाट आहे. १९८८ मध्ये टाटामोबाइल २०६ आली. त्या काळातली एखादी पिकअप कुणी हौसेने जपली असेल, तर तडा व्ही आकारात मोकळा करायचा, इपॉक्सी भरायची, पॉलिश पेपरने घासायचं आणि रंग द्यायचा. मूळ रूप टिकतं. मात्र हे वेळखाऊ काम आहे, धंद्याच्या गाडीसाठी नव्हे.

सांगाडाच गेला असेल तर बदलण्याला पर्याय नाही. तिथे पहिली तुलना नवं आणि वापरलेलं यांची. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या पार्टची दुकानं आहेत, पुण्यात स्पेअर पार्टसाठी लोक नाना पेठेत जातात. वापरलेलं स्टेअरिंग नव्यापेक्षा बरंच स्वस्त मिळतं आणि ते मूळ कंपनीचं असल्याने शाफ्टवर बसणारे मधल्या भोकातले दाते, हॉर्नचा पॅड आणि मधला खोलगटपणा जसाच्या तसा जुळतो. धोका असा की अपघातात ड्रायव्हरची छाती आदळते ती स्टेअरिंगवरच, आणि अपघातातल्या गाड्याही तोडायला येतात. म्हणून सपाट काचेवर किंवा फरशीवर रिम पालथी ठेवा. कुठे उजेड दिसला, रिम डुगडुगली, तर ते वाकलेलं आहे. मधल्या भोकातले दाते बोटाने चाचपा. एकाही दात्याचं टोक चेपलेलं असेल तर तो माल नको, भाव कितीही पाडून दिला तरी. एअरबॅग असलेल्या गाडीची एअरबॅग मात्र जुन्या बाजारातून कधीच घेऊ नका. ती आतून कोणत्या अवस्थेत आहे, हे बघून कळत नाही.

नवं घ्यायचं तर कंपनीचं आणि लोकल यांतला फरक पैशापेक्षा मोठा आहे. लोकल स्टेअरिंग दिसायला हुबेहूब असतं, पण आतला सांगाडा पातळ निघू शकतो आणि दाते ढिले बसू शकतात. ढिले दाते नट कितीही आवळला तरी काही दिवसांनी टिकटिकायला लागतात. कंपनीच्या काउंटरवर आरसी दाखवून चेसिस नंबरावरून पार्ट नंबर काढून घ्या, कारण एकाच नावाच्या पिकअपमध्ये वर्षागणिक कॉलम बदललेला असतो. माझं मत सरळ आहे: जी गाडी रोज भरलेली चालते, तिला कंपनीचं नवं. जुन्या बाजारातलं मी तेव्हाच घेईन, जेव्हा कंपनीने तो पार्ट देणं बंद केलं असेल किंवा तपासून देणारा मिस्त्री माझ्यासोबत असेल.

आता स्पोर्ट्स स्टेअरिंग. बहुतेकांचा व्यास ३५० मिलिमीटरच्या आसपास असतो. पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाडीत ४०० च्या जागी ३५० बसवलं, तर तेवढंच वळण घ्यायला हाताला साधारण १४ टक्के जास्त जोर लावावा लागतो. रिकाम्या गाडीत हे जाणवत नाही. भरलेली गाडी मार्केटच्या गर्दीत मागे घेताना खांदे भरून येतात. शिवाय लहान रिम मीटरच्या बरोबर आड येते आणि तापमानाचा काटा दिसत नाही. जुन्या डिझेल गाडीत तर तोच सारखा पाहावा लागतो. बसवण्यासाठी मध्ये वेगळा बॉस, म्हणजे शाफ्ट आणि स्टेअरिंग जोडणारा तुकडा, लागतो. त्याचे दाते तुमच्या शाफ्टला जुळायला हवेत आणि पुढचे सहा बोल्ट स्टेअरिंगला. मोमो, स्पार्को यांचं बोल्टचं वर्तुळ ७० मिलिमीटरचं असतं, नार्डीचं ७४ चं. चार मिलिमीटरचा फरक भोक घासून काढणारे लोक आहेत, त्यांच्याकडे गाडी देऊ नका. पॉवर स्टेअरिंग असेल, गाडी हौसेची असेल आणि बॉस चांगल्या बनावटीचा मिळाला, तर जरूर बसवा. धंद्याच्या गाडीला मात्र मूळ मापच बरं.

कव्हर सोडून काहीही निवडलं तरी, एअरबॅग नसलेल्या गाडीत काढण्या-बसवण्याची पद्धत एकच. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा, पुढची चाकं सरळ करा, हॉर्नचा पॅड काढा आणि शाफ्ट व स्टेअरिंग यांवर एकाच रेषेत खूण करा. नट सैल करून दोन-तीन आट्यांवर तसाच राहू द्या, म्हणजे स्टेअरिंग एकदम सुटून तोंडावर येणार नाही. मग पुलर, म्हणजे स्टेअरिंग ओढून काढायचं हत्यार, लावा. हातोडा मारणाऱ्या मिस्त्रीला तिथेच थांबवा, त्या ठोक्यांनी कॉलमचं बेअरिंग खराब होतं. बसवताना खूण जुळवा. शाफ्टला ३६ दाते असतील तर एक दात चुकला की स्टेअरिंग १० अंश तिरकं बसतं, आणि मग लोक ते सरळ करायला उगाच अलाइनमेंटवर पैसे घालतात. नट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापानेच आवळा. हॉर्न फक्त सरळ स्थितीत वाजवून समाधान मानू नका. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत सगळीकडे वाजवून बघा, कारण आतला संपर्क नीट टेकला नसेल तर हॉर्न नेमका वळणावर बंद पडतो. दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर पॅड काढून नट पुन्हा तपासा, आणि तोपर्यंत जुनं स्टेअरिंग भंगारात देऊ नका.