'आरती दर': रॅकमधल्या मल्टिप्लेक्सरचा नऊ महिन्यांचा अनुभव

गुढीपाडव्याला सकाळी साडेसातला देवस्थानच्या अण्णांचा फोन आला. गुढी उभारून मी नुकताच चहाला बसलो होतो. अण्णांचा आवाज चढलेला. "अरे, टीव्हीवर 'आरती दर' लिहिलंयस. ग्रामदेवतेच्या आरतीला दर कधीपासून लावला आपण?"

मला काही उमगेना. आदल्या रात्रीच मी आमच्या केबलवरच्या चारही स्थानिक चॅनेलची नावं रोमनमधून मराठीत केली होती. पाडव्याला गावाला नावं आपल्या लिपीत दिसावीत, एवढाच हेतू. टीव्ही लावला. चॅनेल बदलल्यावर खाली जी पट्टी येते तिच्यावर खरोखरच होतं, 'आरती दर'. मी टाकलं होतं 'आरती दर्शन'. रफार आणि 'शन' मशीनने गिळले होते.

हे मशीन दिवाळीनंतर घेतलं. मल्टिप्लेक्सर (अनेक चॅनेल एका प्रवाहात गुंफणारा, आम्ही 'मक्स' म्हणतो), स्क्रॅम्बलर (चॅनेलला कुलूप लावणारा) आणि मॉड्युलेटर (तो प्रवाह केबलच्या फ्रिक्वेन्सीवर चढवणारा) एकाच १यू, म्हणजे रॅकच्या एका खणाएवढ्या, खोक्यात, शिवाय चार एचडीएमआय एन्कोडर (चित्राचा डेटा आवळणारे) आतच. आमचा हेडएंड, म्हणजे जिथून केबलवर चॅनेल सोडतो ती जागा, छोटा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातला. केबल डिजिटल करण्याच्या सरकारी चौथ्या टप्प्याची ३१ मार्च २०१७ ची मुदत आली तेव्हा आम्ही ॲनालॉग बंद केलं आणि त्या वेळी जमेल तशी सुटी सुटी यंत्रं जमवली: एन्कोडर एका कंपनीचे, मक्स दुसऱ्याचा, मॉड्युलेटर तिसऱ्याचा, मध्ये त्यांना जोडणाऱ्या एएसआय केबलांचं जंजाळ. प्रत्येकाचा पॉवर सप्लाय वेगळा. लाइट गेली की यूपीएसवर हा सगळा भार, आणि कोकणात पावसाळ्यात लाइट किती जाते ते सांगायला नको. तीन खोक्यांच्या जागी एक आलं आणि बॅटऱ्या आता जवळजवळ दीडपट वेळ टिकतात. माझ्या हिशेबी मशीनचे निम्मे पैसे इथेच वसूल झाले.

बसवायला दोन रात्री लागल्या. रॅकमध्ये वर आणि खाली एकेक यू मोकळा सोडला, कारण त्यातले छोटे पंखे बाजूने हवा ओढतात आणि चिकटून दुसरं यंत्र ठेवलं की तापतात. पहिली चूक माझीच. कंट्रोलचा नेटवर्क पोर्ट आणि डेटाचा पोर्ट मी एकाच साध्या स्विचवर लावले. मल्टिकास्टचा, म्हणजे चॅनेलांच्या डेटाचा, पूर कंट्रोल पोर्टवर आला आणि मशीनच्या सेटिंगचं वेब पेज उघडेना. विक्रेत्याला रात्री अकराला फोन केला, "मशीन बिघडलेलं दिलंत" म्हणून बोललो. सकाळी कंट्रोलला वेगळा स्विच दिला आणि सगळं सुरळीत झालं. त्याची मी नंतर माफी मागितली.

दुसरी चूक पीआयडीची, म्हणजे प्रवाहातल्या प्रत्येक व्हिडिओ-ऑडिओच्या ओळख नंबराची. चारही एन्कोडर कारखान्यातून एकाच नंबरांवर येतात, ते आपण वेगळे करायचे असतात. व्हिडिओचे केले, ऑडिओचा एक राहिला. पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाची जी पाटी आम्ही दाखवतो तिला आवाज नसतो, तिच्या पीएमटीत (चॅनेलचे व्हिडिओ-ऑडिओ नंबर सांगणारं कोष्टक) मी देवळाच्या ऑडिओचा नंबर टाकला होता. दिवसभर नळाच्या वेळांमागे कीर्तन चाललं. कोणी तक्रार केली नाही, मलाच संध्याकाळी घरी कळलं.

त्यानंतर मार्चपर्यंत मी या मशीनवर खूश होतो. मक्सिंगचं मूळ काम ते चोख करतं. सेवा जोडली किंवा काढली की एसडीटी (चॅनेलांच्या नावांची यादी) आणि एनआयटी (फ्रिक्वेन्सींची यादी) यांचा व्हर्जन नंबर आपोआप वाढवतं. जुन्या मक्समध्ये तो हाताने वाढवावा लागे. एकदा विसरलो होतो, ग्राहकांच्या सेट-टॉप बॉक्सना बदल कळलाच नाही, आणि आमची पोरं घरोघर जाऊन रिमोटने स्कॅन करत बसली होती. ते दिवस संपले.

शिमग्यात एकदा दमवलं. सिग्नल पाठवायचा वेग, म्हणजे सिम्बॉल रेट, ६.८७५ आणि पद्धत ६४ क्वाम धरली की एका फ्रिक्वेन्सीवर हातात सेकंदाला ३८ मेगाबिट येतात. २५६ ला ५० मिळतात, पण त्याला सुमारे सहा डीबी जास्त स्वच्छ सिग्नल लागतो आणि आमच्या बाहेरच्या वाड्यांतल्या जुन्या कोएक्स केबलवर एमईआर (सिग्नलची स्वच्छता) तेवढा उरत नाही. त्या ३८ मध्ये मी स्थानिक चार आणि काही सॅटेलाइट चॅनेल बसवले होते, बेरीज ३६ पर्यंत नेलेली. देवळातलं चित्र स्थिर, समई आणि मूर्ती, त्याला बिटरेट कितीसा लागणार! पण पालखी बाहेर पडली, ढोल सुरू झाले, माणसं पालखी नाचवायला लागली, गुलालाने हवा भरली, आणि एन्कोडरचा बिटरेट उसळला. मक्सचा दिवा लाल. फक्त पालखीचंच नव्हे, त्या फ्रिक्वेन्सीवरच्या सगळ्याच चॅनेलांचं चित्र फुटायला लागलं. मुंबईहून आलेले चाकरमानी रस्त्यावर पालखीबरोबर होते, पण ज्यांना खाटेवरून उठता येत नाही ते टीव्हीसमोर होते, आणि मी त्यांच्यासाठीच तर कॅमेरा लावला होता. तिथल्या तिथे चारही एन्कोडर व्हीबीआरवरून (बदलता बिटरेट) सीबीआरवर (स्थिर बिटरेट) घेतले, प्रत्येकी चार मेगाबिट, एक सॅटेलाइट चॅनेल दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर हलवला. बेरीज आता ३४ च्या आत ठेवतो, बाकी जागा नल, म्हणजे रिकाम्या, पॅकेटांना. यात मशीनचा दोष धरत नाही.

आणि मग पाडवा आला.

पहिला संशय मी बॉक्सवर घेतला. बॉक्सच्या पट्टीत जागा कमी असेल, नाव मावत नसेल. बॉक्सवाल्याशी दोन आठवडे वाद घातला. तो म्हणत होता, "तुमच्या स्ट्रीममध्येच एवढं येतंय." मी ऐकलं नाही. मशीनच्या विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, "इंग्रजीत टाका ना, मराठी नाव वाचतंय कोण?" हे वाक्य मला लागलं. वाचणारे आहेत. माझी आई वाचते. तिला रोमन अक्षरं येत नाहीत, ती इतकी वर्षं नंबर पाठ करून चॅनेल लावत आली. मग सर्व्हिसवाल्यांनी कळवलं की इंजिनिअर येऊन बघेल, भेटीचे साडेसहा हजार. वॉरंटीत असताना! मी नाही म्हटलं.

जुन्या संगणकावर टीएसडक टाकलं. फुकटचं सॉफ्टवेअर, ट्रान्सपोर्ट स्ट्रीम, म्हणजे मक्समधून निघणारा चॅनेलांचा प्रवाह, उलगडून दाखवतं. मक्सचं आयपी आउटपुट अर्धा मिनिट रेकॉर्ड केलं आणि एसडीटी उघडली. डीव्हीबीच्या, म्हणजे डिजिटल टीव्हीच्या, नियमात नावाचा पहिला बाइट लिपी कोणत्या पद्धतीने लिहिली आहे ते सांगतो. यूटीएफ-८ या पद्धतीसाठी तो हेक्समध्ये (सोळाच्या अंकपद्धतीत) १५ असतो. तो बरोबर होता. पुढे ई० ए४ ८६, हा 'आ'. असं मोजत गेलो. ई० ए४ बी०, हा 'दर' मधला 'र', आणि तिथे नाव संपलं. एकूण बाइट भरले वीस.

मग उलगडलं. यूटीएफ-८ मध्ये रोमन अक्षर एका बाइटचं. 'आरती दर्शन' रोमनमध्ये मोकळ्या जागेसकट तेरा अक्षरं, तेराच बाइट. देवनागरीत प्रत्येक अक्षराला तीन, आणि काना, वेलांटी, हलन्त हे प्रत्येकी वेगळे तीन. 'आरती' चे बारा, जागेचा एक, 'दर्शन' चे पंधरा, सुरुवातीचा लिपीचा एक, मिळून एकोणतीस. मशीन विसाव्याला तोडतं. आणि ते बरोबर 'दर' नंतर तुटावं! एक बाइट इकडेतिकडे झाला असता तर चौकोन दिसला असता, कोणालाही बिघाड आहे हे कळलं असतं. इथे धडधाकट मराठी शब्द उरला आणि गावाला वाटलं की केबलवाल्यांनी देवाचा भाव लावला. गुरवकाका आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हते.

बॉक्सवाल्याला फोन करून सांगितलं, तुमचं बरोबर होतं.

इथे माझं मत एकदा फिरलं, कारण वीस बाइटची ही मर्यादा नियमात कुठेच नाही. नावाला याहून कितीतरी जास्त जागा असते. म्हणजे कोणीतरी वेब पेजच्या चौकटीत 'वीस' लिहून ठेवलं आणि ते फक्त रोमनमध्ये तपासलं. मग मला सुचलं की चौकट पेजवर आहे, मशीनच्या आत असेलच असं नाही. सेटिंगचा बॅकअप उतरवला. साधी एक्सएमएल फाइल. तीत 'आरती दर' शोधून 'आरती दर्शन' केलं, यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलं, रात्री तीनला परत चढवलं. मशीन रीस्टार्ट होताना दोनेक मिनिटं सगळ्या फ्रिक्वेन्सी बंद राहतात, म्हणून तीन वाजता. बॉक्स लावला. पट्टीवर पूर्ण नाव. आषाढी एकादशीच्या आदली रात्र होती ती. काकड आरतीच्या वेळी नाव नीट दिसत होतं. मी अण्णांना उठवून दाखवलं.

तेव्हाच हे लिहायला घेतलं होतं, कौतुकाचं. पण चार दिवसांनी आमच्या पोराने देवळाचा आवाज वाढवायला तेच पेज उघडलं, आवाज बदलला, 'अप्लाय' दाबलं. पेजने सगळ्या चौकटी पुन्हा वीस बाइटला कापून पाठवल्या. परत 'आरती दर'. त्याची काहीच चूक नव्हती, त्याने नावाला हात लावला नव्हता. आता रॅकवर चिठ्ठी चिकटवली आहे, एन्कोडर पानावर काही बदललं की त्याच रात्री बॅकअप फाइल परत चढवायची. नऊ महिन्यांत मशीनने पन्नास चॅनेल रात्रंदिवस ओढले आणि मी मात्र त्या एका चौकटीची राखण करतोय.

न्यायाने हेही सांगायला हवं. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज जवळच पडली, मशीनच्या दोन पॉवर सप्लायपैकी एक गेला. दुसऱ्याने भार उचलला, एकही चॅनेल फुटला नाही. मला कळलं ते सकाळी लाल दिवा पाहून. जुन्या यंत्रांत हीच रात्र जागून काढावी लागली असती. नवा सप्लाय वॉरंटीत आला, खळखळ न करता. पंख्यांच्या जाळ्या दर पंधरवड्याला ब्रशने साफ करतो. बाहेर कुंद हवा असली तरी आतापर्यंत गंज नाही.

पहिल्या लॉटचे जे जुने बॉक्स आहेत त्यांत देवनागरी फॉन्टच नाही, तिथे आजही नावाच्या जागी चौकोन दिसतात. ते बॉक्स बदलत चाललोय, ज्या घरात म्हातारी माणसं आहेत तिथे आधी. आईकडचा बदलला.

वीस बाइटची चौकट मोठी करा म्हणून कंपनीला तीन वेळा लिहिलं, टीएसडकचं रेकॉर्डिंग जोडून. पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये करू असं उत्तर आलंय, तारीख नाही. शेजारच्या तालुक्यातला एक हेडएंडवाला हेच मशीन घेऊ का विचारत होता. घे म्हणालो. फक्त पैसे देण्याआधी विक्रेत्याच्या टेबलावर मशीन चालू करायला लाव, सेवेच्या नावात 'आरती दर्शन' टाइप कर, 'अप्लाय' दाब आणि बॉक्सवर काय उमटतं ते बघ. 'दर' दिसला तर तिथेच लेखी घे की ते दुरुस्त करून देतील.